डावीकडचा माणूस

झिसिसइतके सिनेमे ग्रीसमधल्या अख्ख्या वोलोस शहरात कोणी पाहिले नसतील, असं झिसिस स्वतःच सांगायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट तो सांगायचा नाही. लग्नानंतरची पहिली वीस वर्षं त्याने पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाचा डावा चतकोर गायब होता.

त्याला कारण त्याची बाल्कनी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाल्कनीखालीच ‘यासेमी’ होतं, उन्हाळ्यात चालणारं उघड्यावरचं थिएटर. छप्पर नाही, पायाखाली खडी, लोखंडी पायांच्या कापडी खुर्च्या, कुंपणावर जाईचे वेल, आणि पडदा म्हणजे चुना मारलेली एक लांबरुंद भिंत. मे महिना सरत आला की गल्लीतली यच्चयावत बाल्कनीवाली मंडळी खुर्च्या बाहेर काढायची, कलिंगड कापायची आणि वरून सिनेमा बघायची. पण पुरा पडदा कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. झिसिसच्या आड फरशीवाल्याच्या इमारतीचा जिना यायचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंना फक्त वरचा अर्धा दिसे, त्यामुळे त्या नटांना टोप्यांवरून ओळखत. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणींना बोगनवेलीखालून फक्त खालचा अर्धा दिसे. कोण कोणाला सोडून गेलं हे त्या बुटांवरून सांगत. सकाळी पावाच्या दुकानात सगळे जमले की तुकड्याला तुकडा जोडून आदल्या दिवशीचा सिनेमा पुरा व्हायचा, आणि जोडताना रोज खडाजंगी व्हायची.

थिएटरचा मालक अर्गिरिस. यंत्र चालवणारा तोच, खडीला पाणी मारणारा तोच, आणि खुर्च्यांखालची बियांची सालं झाडत शिव्या घालणाराही तोच. तिकीट द्यायला त्याची बायको लुकिया. आणि हा अर्गिरिस म्हणजे झिसिसचा कुंबारोस. लग्नात वधूवरांच्या डोक्यांवरच्या फुलांच्या मुकुटांची तीनदा अदलाबदल ज्याने केली तो. पुढे झिसिसला मुलगी, रिनियो, झाली तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तिला उचलून घेणारा, तिचा नोनोही तोच. असं नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट. म्हणून तुटलं की तुटतंही भावांपेक्षा वाईट.

ते तुटलं एका दृश्यावरून.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरातला हंगामातला शेवटचा खेळ होता. सिनेमा जुना, काळापांढरा, मिठागरात भागीदारी करणाऱ्या दोन मित्रांचा. त्याचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गल्लीत त्याला ‘मिठागरवाल्यांचा’ म्हणत. दोघे मित्र भांडतात, एकजण गाव सोडून निघतो, आणि शेवटी धक्क्यावर ते दृश्य येतं. ते यायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. तिकीट काढून बसलेले सगळे खुर्च्या डोक्यावर धरून पळाले. झिसिसची बायको असिमिना वाळत घातलेल्या चादरी काढायला धावली. अर्गिरिसने मात्र यंत्र बंद केलं नाही, आणि शेवट पाहिला तो फक्त पत्र्याखाली बसलेल्या बाल्कनीवाल्यांनी.

दुसऱ्या दिवशी त्सिपुरोच्या, म्हणजे द्राक्षांच्या कडक दारूच्या, दुकानात चिमुकल्या बाटल्या आल्या, तळलेल्या मासळीची बशी आली, आणि झिसिस सुरू झाला.

“काय शेवट आहे! धक्क्यावर बाकावर एकटा बसलाय गडी. पाव मोडतो. अर्धा खातो, अर्धा बाकावर ठेवून देतो समुद्रपक्ष्यांना. भोंगा वाजतो, हा हसतो आणि चालू लागतो. याला म्हणतात पुरुष! कोणाची वाट पाहिली नाही, कोणापुढे नाक घासलं नाही.”

“एकटा?” अर्गिरिसचा काटा हवेतच थांबला. “अरे, मित्र शेजारीच बसलेला असतो ना, डावीकडे! पाठ करून. मान न वळवता हात मागे करतो आणि तो अर्धा पाव उचलतो. म्हणून तर हा हसतो. तो हात म्हणजेच सिनेमा आहे, कुंबारे!”

“कोणी नव्हतं.”

“होता.”

साक्षी काढल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टोपी एक नक्की होती, दुसरी ढगासारखी वाटली. दोघी बहिणींपैकी थोरलीला दोन बूट दिसले होते, धाकटीला चार, आणि त्यावरून त्या दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. इथे कोणीतरी हसून विषय बदलायला हवा होता. पण झिसिसला पाच माणसांसमोर खोटं पडायची सवय नव्हती.

“तुला त्या यंत्राच्या भोकातून काय दिसणार?” तो म्हणाला. “तू सिनेमा चालवणारा, बघणारा नव्हेस. मनात आलं ते ठोकून देतोस.”

अर्गिरिसने काटा खाली ठेवला. “फुकट बघणाऱ्याला मी दाखवतो तेवढंच दिसतं,” तो म्हणाला.

वीस वर्षं याच बाल्कनीला खालून हात हलवणारा माणूस आज भर दुकानात फुकट म्हणाला होता. झिसिस उठला, आणि तुझ्या फाटकातून पुन्हा आत पाऊल टाकलं तर नाव लावणार नाही, असं म्हणून निघून गेला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं तर सोडाच, एकमेकांचं नाव घेणंही सोडलं. ‘तुझा नवरा’, ‘लुकियाचा तो’, ‘वरचा’, ‘खालचा’ यावर एकोणीस वर्षं निघाली. खरं-खोटं करायला तोच सिनेमा परत आणावा, तर त्याची रीळं ज्या गोदामात होती तिथे पाणी शिरून लगदा झालेला.

आता झिसिसची अक्कल बघा. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पहिल्याच दिवशी खुर्ची उचलून बाल्कनीच्या पार टोकाला, तुळशीच्या कुंडीजवळ नेली. आणि काय चमत्कार, डावा चतकोर दिसू लागला! अख्खा पडदा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. झिसिसने मांडीवर थाप मारली.

“माणसाला बसायची जागा कळली पाहिजे,” तो असिमिनाला म्हणाला. “वीस वर्षं आपण चुकीच्या टोकाला बसत होतो.”

असिमिना त्याच्याकडे बघत राहिली. मग “हो का?” एवढंच म्हणून ती तिकीट काढून खाली सिनेमाला गेली, कारण भांडण नवऱ्याचं होतं, तिचं नव्हतं. त्यानंतर अठरा उन्हाळे ती खाली बसली आणि हा वर, आणि मध्यंतरात हा वरून ओरडायचा, “असिमिना, येताना भोपळ्याच्या बिया आण!” आणि सगळं थिएटर हसायचं.

इतकी वर्षं सुखाने चाललेलं हे भांडण यंदा रिनियोने अडवलं.

रिनियो कार्दित्साला दिलेली. तिला दुसरा मुलगा झाला होता. पहिल्याला रीतीप्रमाणे सासऱ्याचं नाव, वायोस. दुसऱ्याला आईच्या बापाचं, म्हणजे झिसिस. आठ महिने झाले तरी बाप्तिस्मा व्हायचा होता, आणि तोवर पोराला नाव नाही. सगळे त्याला ‘बाळ’ म्हणत. झिसिस मात्र एकांतात त्याच्या कानाशी लागून स्वतःचंच नाव घ्यायचा. साठी उलटलेला माणूस, बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवलेला, पण आपलं नाव आपल्या मागे कोणीतरी चालवणार या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

“बाबा,” ऑगस्टात माहेरी आल्यावर रिनियो म्हणाली, “बाळाला पाण्यातून माझा नोनोच घेणार. अर्गिरिसनोनो.”

“गावात दुसरा माणूस नाही?”

“नाही.”

झिसिसची खरी अडचण वेगळीच होती. बाप्तिस्म्यात पाद्री नाव विचारतो तेव्हा ते मोठ्याने सांगायचं काम त्या पाण्यातून घेणाऱ्याचं. म्हणजे ज्या तोंडाने एकोणीस वर्षं त्याचं नाव टाकलं होतं, त्याच तोंडातून ते चर्चभर ऐकू यायला हवं होतं.

“तो काय म्हणतो?” झिसिसने हळूच विचारलं.

“नोनो म्हणतात, सांगेन. पण आधी त्याने माझ्या फाटकातून आत यावं.”

“आधी त्याने कबूल करावं की डावीकडे कोणी नव्हतं!”

“मग असं करू,” रिनियो बाळाचं तोंड पुसत म्हणाली. “हंगामाच्या शेवटच्या खेळापर्यंत तुमचं जमलं तर ठीक. नाही तर बाप्तिस्मा कार्दित्साला. सासूबाईंचा भाऊ पाण्यातून घेईल, आणि नाव तो त्याच्या मनाचं ठेवील. त्याच्या मनात थेमिस्तोक्लिस आहे.”

“थेमिस्तोक्लिस!” झिसिस हादरला. “एवढंसं पोर आणि एवढं नाव? वाकेल ते!”

“तुम्ही दोघं वाकत नाही, मग कोणीतरी वाकणारच,” असिमिना आतून म्हणाली.

सप्टेंबराच्या पहिल्या शनिवारी त्सिपुरोच्या दुकानात शेवटच्या खेळाची निवड होती. ही गल्लीची जुनी रीत. सिनेमाचं नाव कोणी घ्यायचं नाही. उभं राहून आपलं आवडतं दृश्य सांगायचं. ज्याच्या दृश्याला दुकान सगळ्यात जास्त वेळ गप्प बसेल, त्याचा सिनेमा लागणार. अर्गिरिस खिडकीच्या टेबलाशी, झिसिस दाराच्या टेबलाशी, दोघे पाठीला पाठ करून.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दृश्यात एक म्हातारा न्हावी युद्धाला निघालेल्या पोरांचे केस कापतो आणि शेवटी खाली पडलेल्या केसांत आपल्या पोराचे केस शोधत बसतो. दुकान गप्प झालं, पण तेवढ्यात धाकटी बहीण म्हणाली, “त्याचे बूट फार सुंदर होते,” आणि सगळे हसले. थोरलीने एका बाईचं दृश्य सांगितलं. ती सोडून गेलेल्या नवऱ्याचा शर्ट दर रविवारी इस्त्री करते. एक दिवस तो खरंच दारात येतो. ती त्याच्याकडे बघते, शर्टाकडे बघते, आणि शर्ट त्याच्या हातात देऊन दार लावून घेते. यावर बायका गप्प झाल्या आणि पुरुष खोकले.

मग असिमिना उभी राहिली.

“मी न पाहिलेलं दृश्य सांगते,” ती म्हणाली. “मी तेव्हा चादरी काढत होते. धक्क्यावर एक बाक आहे. उजवीकडे एकजण पाव मोडतो. डावीकडे कोण आहे, आहे की नाही, हे एकोणीस वर्षांत मला माझ्याच घरात नीट कळू शकलेलं नाही. मला मरायच्या आधी ते बघायचंय.”

दुकान असं गप्प झालं की आत तळणाचा आवाज ऐकू येऊ लागला.

“असिमिना,” अर्गिरिस पाठ न वळवता म्हणाला, “तुझ्या नवऱ्याला सांग, त्या सिनेमाची एक प्रत सापडलीय. साफ करून घेतलीय. मी ती उन्हाळ्याआधीच मागवून ठेवलीय.”

“असिमिना,” झिसिस पाठ न वळवता म्हणाला, “लुकियाच्या त्याला सांग, लाव म्हणावं. बाल्कनीतून बघतोय.”

“मी काय पोस्टमन आहे?” असिमिना म्हणाली आणि त्सिपुरोचा एक घोट नवऱ्याच्या पेल्यातून घेऊन खाली बसली.

शेवटच्या खेळाला सगळी गल्ली खाली गेली. रिनियो बाळाला घेऊन गेली, असिमिना शाल घेऊन गेली. डॉक्टरीणबाई आणि दोघी बहिणीसुद्धा या दिवसापुरत्या तिकीट काढून आत बसल्या. वर बाल्कनीत झिसिस एकटा, तुळशीजवळ. निघताना रिनियोने फक्त बाळाचा हात धरून बापाला टाटा केलं होतं, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

सिनेमा सुरू झाला. मिठागर आलं, भांडण आलं, होडी विकली गेली. झिसिसला एकेक प्रसंग पाठ होता. पण डावीकडे मधूनमधून अशा गोष्टी दिसत होत्या ज्या त्याच्या पाठात नव्हत्या. एक गाढव होतं. एका लग्नात एक आत्या होती, जिच्यामुळे म्हणे ते भांडण लागलं होतं. झिसिस खुर्चीत अस्वस्थ होऊ लागला.

मग धक्का आला. बाक आला. उजवीकडे त्याचा गडी बसला होता, पेटी पायाशी. आणि बाकाच्या डाव्या टोकाला, पाठ करून, खांदे पाडून, दुसरा बसला होता.

झिसिसने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. दुसरा तिथेच. पाव मोडला गेला. अर्धा बाकावर ठेवला गेला. बराच वेळ काहीच झालं नाही; मग त्या पाठमोऱ्या माणसाचा हात मागे आला, चाचपडला, आणि त्याने पाव उचलला. मान वळली नाही. भोंगा वाजला. उजवीकडचा हसला, आणि आज त्या हसण्याकडे बघवेना. ते मुळी कोणाला धुडकावून लावणाऱ्याचं हसणं नव्हतंच. एकोणीस वर्षं झिसिस ज्याच्या ताठ मानेचे गोडवे गात होता, तो बिचारा रडत होता.

पहिला विचार जो त्याच्या मनात आला तो त्याला शोभेल असाच होता: साफ करताना यांनी माणूस आत घातलाय. हल्ली काँप्युटरवर काय वाट्टेल ते करतात. दुसरा विचार आला की गप्प बसावं, जिना आड आला म्हणावं, कोणी बघायला आलंय? तिसऱ्या विचाराला तोंड देण्याआधीच खाली टाळ्या वाजल्या आणि आवाज उठला, “परत! परत!” शेवटच्या खेळाला शेवटची दहा मिनिटं दोनदा दाखवायची ही ‘यासेमी’ची रीत. त्या वेळी फाटक उघडं टाकतात.

जवळून बघितल्याशिवाय लबाडी कळायची नाही, असं स्वतःला सांगत झिसिस सपाता घालूनच जिना उतरला. लबाडी पकडायला निघालेला माणूस इतका हळू उतरत नाही, पण ते असो.

फाटकाशी लुकिया होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, सपातांकडे पाहिलं, आणि ती बाजूला झाली. खडी पायाखाली करकरली. सगळ्यात मागे, बरोब्बर मधोमध जाऊन झिसिस उभा राहिला आणि त्याने भिंतीकडे पाहिलं.

चित्र वाकडं होतं.

वाकडं म्हणजे तिरपं नव्हे. भिंतीच्या मधोमध पडायचं ते चित्र चांगलं दोन हात उजवीकडे सरकलेलं होतं. भोवतालची काळी चौकट नीट रंगवलेली, पण तीही सरकलेली. डावीकडे दाराएवढी रुंद पांढरी भिंत नुसती मोकळी पडलेली. खुर्च्यांच्या रांगाही उजवीकडे कललेल्या. दोनशे माणसं माना एकाच बाजूला वळवून बसली होती आणि कोणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

त्याच्या पुढ्यात शिवणकामवाली थोरली बसली होती. झिसिस वाकून कुजबुजला, “हे चित्र असं बाजूला का?”

“अगबाई, तू!” ती म्हणाली. “आत्ता दिसलं होय तुला? अठरा वर्षं झाली. ज्या ज्या दिवशी तिकीट काढून येते, त्या त्या दिवशी माझी मान धरते.”

“पण का?”

“मालकाला विचार. भिंतीला ओल आहे म्हणतो.”

झिसिस अंधारातून कडेकडेने भिंतीपाशी गेला. मोकळ्या पांढऱ्या भागावर त्याने तळहात ठेवला. दिवसभराच्या उन्हाने भिंत अजून कोमट होती, आणि खडखडीत कोरडी.

मग त्याने वर पाहिलं. तीस वर्षं क्रेनमध्ये बसून पेट्या उचललेला माणूस. कुठून काय दिसतं आणि कुठे काय आड येतं, हे त्याला नुसत्या नजरेने कळायचं. वर त्याची बाल्कनी, टोकाला तुळशीची कुंडी. मध्ये फरशीवाल्याच्या जिन्याचा कोपरा. कुंडीपासून जिन्याच्या कोपऱ्याला घासून एक रेघ मनात ओढली, तर ती सरळ खाली येऊन जिथे टेकत होती, तिथेच चित्राची डावी चौकट होती. पुरती बोटभर जागा सोडून, म्हणजे मान थोडी इकडेतिकडे झाली तरी चालावं म्हणून.

आणि झिसिसला आपली जुन्या जागची खुर्ची आठवली, दुसऱ्या टोकाची. त्याने तिथून रेघ ओढून पाहिली. तिथूनही सगळं दिसलं असतं. कुठेही बसला असता तरी दिसलं असतं.

त्याला एकदम खूप लाज वाटली, आणि लाजेच्याही आत इतकं बरं वाटलं की त्याला तिथल्या तिथे खडीवर बसावंसं वाटलं. ज्याला तो एकोणीस वर्षं ‘खालचा’ म्हणत होता, त्याने भर दुकानात फुकट म्हटल्यावर त्याच हिवाळ्यात शिडी लावून, रंगाचा डबा घेऊन ही चौकट सरकवली होती. दोनशे लोकांच्या माना वाकड्या केल्या होत्या, एका बाल्कनीसाठी. आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. असिमिनाला ठाऊक होतं! तिचं ते ‘हो का?’ त्याला आता अठरा वर्षांनी ऐकू आलं.

पडद्यावर दुसऱ्यांदा पाव मोडला जात होता. शेवटच्या रांगेच्या मागे, यंत्राच्या खोलीच्या पायरीवर अर्गिरिस येऊन बसला होता, कारण शेवटची दहा मिनिटं यंत्र आपलं आपण चालतं. झिसिस जाऊन पायरीवर उजवीकडे बसला. दोघांनीही मान वळवली नाही. असिमिना कुठून आली देव जाणे. तिने नवऱ्याच्या मांडीवर भोपळ्याच्या बियांची पुडी ठेवली आणि ती परत जागेवर गेली. झिसिसने पुडी फाडली आणि समोर बघत डावीकडे धरली.

“खारट आहेत ना?” डावीकडून आवाज आला. “मला मीठ बंद आहे.”

“कधीपासून?”

“सात वर्षं झाली. रक्तदाब.”

झिसिसने पुडी मागे घेतली. सात वर्षं, आणि आपल्याला पत्ता नाही. सिनेमातल्या शहाण्याला निदान समोरचा काय खातो एवढं तरी माहीत होतं.

“भिंत कोरडी आहे,” तो शेवटी म्हणाला.

“उन्हाळ्यात कोरडीच असते.”

“चित्र वाकडं पडतं.”

“तुझं घर वाकड्या ठिकाणी बांधलंय, त्याला मी काय करू?”

“मला सांगायचं नाहीस?”

“कसं सांगणार? बोलत कुठं होतास? शिवाय वरून रोज ऐकू यायचं, ‘माणसाला बसायची जागा कळली पाहिजे.’ म्हटलं, एवढा खूश आहे तर राहू दे.”

भोंगा वाजला. पडद्यावरचा हसला. झिसिसही हसायला गेला आणि त्याचं नाक गळू लागलं.

“डावीकडे माणूस आहे,” तो म्हणाला. “होता. तूच बरोबर होतास, कुंबारे.”

“मोठ्याने म्हण. मला यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही.”

“यंत्र आवाज करत नाही हल्ली!”

“तरी म्हण.”

“डावीकडे माणूस आहे!” झिसिस ओरडला, आणि दोनशे वाकड्या माना एकदम मागे वळल्या. पुढच्या रांगेत रिनियोने बाळाला उंच धरलं.

“ठीक,” अर्गिरिस उठत म्हणाला. “आता बिया खा, पण सालं खाली टाकू नकोस. मलाच झाडावी लागतात.” नाव मात्र त्याने अजूनही घेतलं नव्हतं, आणि ते झिसिसच्या ध्यानात आलं होतं.

बाप्तिस्मा पुढच्या रविवारी झाला, वोलोसलाच. कार्दित्साची सगळी मंडळी बसने आली. सासूबाईंचा भाऊ आपलं थेमिस्तोक्लिस मनातच ठेवून पुढच्या रांगेत बसला होता. तेल लावलेलं बाळ अर्गिरिसच्या हातांत मासळीसारखं सुळसुळत होतं. पाद्रीबाबांनी नाव विचारलं.

अर्गिरिस बोलला नाही.

पाद्रीबाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा विचारलं. अर्गिरिस छताकडे बघत राहिला, जणू आठवतंय का बघतोय. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. सासूबाईंचा भाऊ आशेने सरळ बसला. झिसिसचा घाम कॉलरमधून खाली उतरला. त्याने असिमिनाचा हात घट्ट धरला आणि तो न राहवून पुटपुटला, “हा माझा सूड घेतोय.”

“सूड कसला,” असिमिना म्हणाली. “मध्यंतर आहे. बस गप्प.”

तेव्हा अर्गिरिसने वळून, सगळ्या चर्चमध्ये त्या एकाच माणसाकडे पाहिलं. त्याला भरपूर ताटकळवून झाल्याचं समाधान त्याच्या मिशीत दिसत होतं. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि एकोणीस वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर काढावं तसा तो ओरडला, “झिसिस!”

आवाज घुमटात जाऊन परत आला. पाण्यातलं पोर दचकून रडू लागलं. आणि तिसऱ्या रांगेतून, शाळेत हजेरी घेतात तसा उभा राहून, म्हातारा झिसिस म्हणाला, “आहे! इथंच आहे!”